उपास आणि उपासमार

आपल्या मराठीत दोन शब्द एकमेकांना अगदी खेटून उभे आहेत. एक उपास आणि दुसरा उपासमार. दोन्हींत पोट रिकामेच. पण एक शब्द उच्चारला की देवघरातली समई आठवते आणि दुसरा उच्चारला की बहात्तरचा दुष्काळ आठवतो. या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे, त्याविषयी आज मला तुमच्याशी बोलायचे आहे. विषय ख्रिस्ती उपासाचा आहे. पण ज्या घरात बाई शेवटी जेवते, त्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे.

नाशिकच्या गंगापूर रोडवर सकाळी सहा-साडेसहाला उभे राहून पाहा. कॉलेजला निघालेल्या मुली, रात्रपाळी संपवून परतणाऱ्या परिचारिका, शाळेची घंटा गाठण्यासाठी लगबगीने चाललेल्या शिक्षिका, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाया. यांतल्या कितीजणी पोटात काही घालून निघाल्या असतील? विचारले तर सांगतील, "अहो, वेळच मिळाला नाही." यांतली एखादी ख्रिस्ती मुलगी असेल आणि दिवस ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचे असतील, तर ती मनातल्या मनात म्हणते, "चला, आजचा उपास आयताच घडला!"

पण हा उपास घडला का? घाईत चुकलेली न्याहारी म्हणजे उपास का? याचे उत्तर शोधायला आपल्याला याच रस्त्याच्या पंचक्रोशीतून सुरुवात करता येईल.

गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे गाव आहे. तिथे १८६८ साली गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. हीच पुढे कवी नारायण वामन टिळकांची पत्नी लक्ष्मीबाई टिळक. तिच्या वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड होते. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यायची नाही. काय खावे, कोणाच्या हातचे खावे, कोणाचा स्पर्श झाला की टाकून द्यावे, या धाकात त्या घरातल्या लेकीबाळी वाढल्या. लक्ष्मीबाईंनी हे सारे 'स्मृतिचित्रे' या आपल्या आत्मचरित्रात हसत-हसत लिहिले आहे. १९३४ पासून ते पुस्तक भागाभागाने निघाले. गुरुजनांनो, वर्गात त्यातले उतारे वाचून दाखवता तेव्हा मुले हसतात; पण त्या हसण्याखाली केवढा जाच आहे, तेही त्यांना सांगावे.

टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर मोडले. पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे राहायला आल्या, तरी त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. मग एकदा त्यांनी मनाशी विचार केला की माणसांत हे वरचे, हे खालचे, असे देवाने केले असेल का? उत्तर 'नाही' असे आले, आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे बघा, या बाईचा धर्मविचार आधी ताटापाशी बदलला आणि मग देवळापाशी. ताटाला कोण शिवले याची चिंता संपली. हे ताट कोणाकोणाला पुरेल ही चिंता सुरू झाली. पुढे टिळकांच्या घरात निराधार मुलांचा राबता कायमचाच राहिला. स्वतःच्या घासातला घास काढून देणे ही त्या घराची रोजची रीत झाली.

आता लक्ष्मीबाईंहून दहा वर्षांनी थोर असलेल्या दुसऱ्या बाईकडे वळू. त्या म्हणजे पंडिता रमाबाई. १८५८ सालचा त्यांचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले, म्हणून लोकांचा रोष पत्करला. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडले. जवळचे होते-नव्हते ते दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत गेले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा गाठीला काही उरले नाही. मजुरी करण्याची सवय नाही आणि भीक मागायला जीव धजत नाही. त्या काळाविषयी रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे, की अकरा दिवस आणि अकरा रात्री आम्ही पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, मग बहीण गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या.

श्रोतेहो, या एका मुलीच्या आयुष्यात उपास आणि उपासमार एकामागून एक आले. देव प्रसन्न व्हावा म्हणून केलेले उपास, आणि मग धान्यच नाही म्हणून घडलेले उपास. पोटाला दोन्ही सारखेच जाणवले असतील.

भुकेचा तिसरा प्रकारही त्यांनी पाहिला. १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात उच्चवर्णीय हिंदू विधवेच्या हालांचे वर्णन आहे. तिने चोवीस तासांत एकदाच जेवायचे, सणासमारंभात तोंड दाखवायचे नाही. हा उपास तिने स्वतः मागितला होता का? नाही. तो तिला शिक्षा म्हणून लावलेला होता. बारा-चौदा वर्षांची पोर, आणि घरच्यांनी तिच्या ताटावर पहारा बसवलेला! १८८९ साली रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले ते अशाच मुलींसाठी.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी मांसाहार केला नाही. अंडे घातलेला गोड पदार्थसुद्धा त्या खात नसत. तिथल्या ज्या धर्मभगिनींनी त्यांना मायेने सांभाळले होते, त्यांतल्या सिस्टर जेराल्डाईन यांना हे पसंत पडेना. हा जातीचा अभिमान उरला आहे, असे त्यांना वाटे. रमाबाईंनी पत्रांतून नम्रपणे, पण ठामपणे आपली बाजू मांडली. ज्यात पाप नाही अशी आपल्या लोकांची रीत मी का सोडू, असा त्यांचा एकंदर सूर होता. ज्या बाईने विधवेच्या ताटावरचा पहारा पाहिला होता, ती स्वतःच्या ताटावर धर्मगुरूचाही पहारा बसू देईना. खाणे असो वा वर्ज्य करणे असो, तो निर्णय जिचा तिने करायचा. ही गाठ पक्की बांधून ठेवा. शेवटी आपल्याला ती लागणार आहे.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेल्या मुली-बायांना शेकड्यांनी घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांनी जमीन घेतली होती. तिथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. रमाबाईंना स्वतःचे सोळावे वर्ष आठवले नसेल का? या मुलींना त्यांनी पहिला धर्म कोणता शिकवला असेल? माझ्या मते, चुलीचा. जिने उपासमार भोगली तिला आधी पोटभर भाकरी आणि मग बाकीचे सारे. मुक्तीत मुली विणकाम शिकल्या, तेलाचा घाणा चालवायला शिकल्या, शेती शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले बायबलाचे मराठी भाषांतर तिथेच छापले गेले. ते १९२४ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, बाहेर पडले.

१९०५ साली त्याच मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट उठली. जानेवारीत थोड्या मुलींचा प्रार्थनागट सुरू झाला आणि जूनअखेर शेकडो मुली तासन् तास प्रार्थनेत बसू लागल्या. नेहमीचे वर्गही बाजूला राहिले. पुढे त्यांच्या टोळ्या आसपासच्या गावांत प्रार्थना करीत, शुभवर्तमान सांगत हिंडू लागल्या. पण काळाचा क्रम पाहा. आधी भाकरी, मग हाताला काम, आणि मग स्वखुशीची प्रार्थना. दुष्काळातून आलेल्या मुलीला एवढे अंतर चालायला पाच-सात वर्षे लागली.

आता तुम्ही विचाराल, ख्रिस्ती धर्मग्रंथ उपासाविषयी काय सांगतात? तर तेही याच वाटेने जातात. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव लोकांना फटकारतो. तुम्ही उपास करता आणि त्याच दिवशी मजुरांना पिळता, हा कसला उपास? भुकेल्याला आपली भाकरी वाटून दे, बेघराला घरात घे, हा मला आवडणारा उपास, असा त्याचा आशय आहे. येशू ख्रिस्ताने स्वतः रानात चाळीस दिवस उपास केला. पण डोंगरावरच्या प्रवचनात त्याने शिष्यांना बजावले, की उपास करताना तोंड सुकवून हिंडू नका. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळूही देऊ नका.

पहिल्या शतकाच्या अखेरीच्या 'डिडाखे' नावाच्या लहानशा ग्रंथात ख्रिस्ती लोकांना बुधवारी आणि शुक्रवारी उपास करायला सांगितले आहे. आणि दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या पुस्तकात तर उपासाचा हिशेबच दिला आहे. उपासाच्या दिवशी भाकरी आणि पाणी एवढेच घ्यायचे. एरवी जे जेवला असता त्याची किंमत काढायची आणि तेवढे पैसे विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यायचे. किती साधी गोष्ट! वाचलेला घास डब्यात परत गेला तर ती काटकसर झाली. तो दुसऱ्याच्या ताटात गेला तर तो उपास झाला.

नाशिकला हा विचार मिशनच्या वाटेने आला. गंगापूर रोडच्या शेजारच्या शरणपूरची ख्रिस्ती वस्ती १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने वसवली. ही मंडळी अँग्लिकन पंथाची. त्यांच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात उपासाच्या दिवसांची यादीच आहे. ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस आणि नाताळचा दिवस सोडून वर्षातले सारे शुक्रवार तीत येतात. गंमत अशी, की दिवस कोणते ते त्यात सांगितले आहे; काय खावे, काय टाळावे, याचे फर्मान नाही. ते ज्याच्या-त्याच्या विवेकावर सोडले आहे. १९७० साली नागपूरला उत्तर भारतातली चर्चे एक झाली आणि ही अँग्लिकन परंपरा त्या एकीकृत चर्चमध्ये मिळाली.

रोमन कॅथलिकांचे नियम जास्त कडक होते. आपल्या वसईच्या बायकांचेच पाहा. भल्या पहाटे भाजीच्या, फुलांच्या टोपल्या घेऊन मुंबईच्या बाजाराकडे निघणाऱ्या या बाया. १९५३ पर्यंत नियम असा होता, की मिस्सात ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर आदल्या मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालायचा नाही. आता कष्टकरी बाईने काय करावे? मिस्सा गाठावा की बाजार? १९५३ साली पोप बारावे पायस यांनी पाण्याने उपास मोडत नाही असे ठरवले आणि संध्याकाळच्या मिस्सालाही वाट करून दिली. १९५७ साली मध्यरात्रीची अट जाऊन तीन तास आले. १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी एक तास केला. आणि १९६६ साली त्यांनीच उपासाची सक्ती राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवसांपुरती ठेवली. बाकी वेळी प्रार्थना करा, परोपकार करा, आपापल्या परिस्थितीप्रमाणे तप करा, असे सांगितले. आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि अंगमेहनत करणाऱ्या माणसांना सूट देण्याची रीत तर जुनीच आहे.

काही जुनी मंडळी म्हणतात, "धर्म पातळ झाला." मला तसे वाटत नाही. गिरणीत, इस्पितळात, बाजारात माणसे पाळ्यांनी राबू लागली, हे चर्चने ओळखले. आणि खरे सांगायचे तर नियम कडक असला म्हणजे उपास खरा असतो, असेही नाही. आपल्याकडे 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आहे ना? साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वर केळी! तसेच शुक्रवारी मटण वर्ज्य म्हणून तळलेल्या पापलेटावर ताव मारणारे भाविकही काही कमी नाहीत. माणूस इथून तिथून सारखाच!

तेव्हा आता पुन्हा गंगापूर रोडवर येऊ. ती मुलगी अजून बसच्या थांब्यावर उभी आहे. तिला काय सांगावे?

पहिली गोष्ट, घाईत बुडालेली न्याहारी हा उपास नव्हे. वजन उतरावे म्हणून टाळलेले जेवण हाही उपास नव्हे. आणि नवऱ्याने, भावाने, पोरांनी जेवून उरले नाही म्हणून झोपणे, ही तर उपासमारच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले आहे. अशा बाईच्या ताटातली भाकरी काढून घेणे याला भक्ती म्हणवत नाही. तिच्यासाठी पोटभर, वेळेवर जेवणे हेच देवाचे काम आहे. अशक्तपणा असेल, मधुमेह असेल, दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांचा सल्ला आणि मग उपासाचा विचार.

दुसरी गोष्ट, उपास अन्नाचाच हवा असे नाही. रोजचा दुपारचा चहा, बाहेरचे चमचमीत खाणे, तासभर मोबाईल पाहणे, यांतले काहीही चाळीस दिवस सोडता येते. कामाच्या धबडग्यात असलेल्या बाईला कित्येकदा घास नव्हे, वेळ सोडवणेच अवघड जाते. उपवास या शब्दाची फोड उप आणि वास, म्हणजे जवळ राहणे, अशी करतात. सोडलेल्या वेळातली दहा मिनिटे ती शांत बसून प्रार्थनेत राहिली, तर शब्दाचा अर्थ फळाला आला.

तिसरी गोष्ट, वाचलेले पुढे पोचवा. ईशान्येकडच्या मिझोराममध्ये १९१० सालापासून ख्रिस्ती बायकांनी एक रीत पाडली. स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातले मूठभर वेगळे काढून ठेवायचे आणि ते गोळा करून चर्चच्या कामी द्यायचे. वेगळा वेळ लागत नाही, कोणाला दिसतही नाही. चूल पेटवता-पेटवता घडणारा हा उपास आहे, आणि मुठी-मुठीने तिथे मोठमोठी कामे उभी राहिली. आपल्याकडे भाकरीचे पीठ मळतानाही हे करता येईल. जात्यावर दळणाऱ्या आपल्या आज्या दारी आलेल्याला पसाभर घालतच होत्या की!

चौथी गोष्ट आहे ती घरातल्या पुरुषांसाठी आणि सासूबाईंसाठी. बाईचा उपास बाईने ठरवायचा. तुम्ही ठरवलात की तो विधवेच्या एकभुक्त राहण्यासारखा होतो; रमाबाईंनी जन्मभर ज्याच्याशी झुंज घेतली तेच पुन्हा घरात येते. तिने उपास केला तर त्या दिवशी पाणी तुम्ही भरा, चूल तुम्ही सांभाळा. आणि ती करीत नसेल तर तिच्या भक्तीची परीक्षा घेऊ नका.

माझ्या वडीलधाऱ्या श्रोत्यांना बहात्तरचा दुष्काळ आठवत असेल. खडीच्या कामावर बाया दगड फोडीत होत्या, सुकडी वाटली जात होती, लाल मिलोची भाकरी घशाखाली उतरत नव्हती. त्या वेळी कितीतरी आया आपल्या वाट्याची सुकडी पदरात बांधून पोरांसाठी घरी नेत. त्या आईची ती उपासमार होती की उपास? भूक लादलेली होती, हे खरे. पण घास तिने स्वतः दिला होता. मला वाटते, देवाच्या वहीत तो उपास म्हणूनच लिहिला गेला असेल. मात्र तिच्यावर ती पाळी आणणाऱ्या आपल्या समाजाच्या नावे त्याच पानावर दुसरी नोंद झाली असेल. ती उपासमारीची.

लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली नाशिकातच वारल्या. सोवळ्यात धुतलेल्या धान्यापासून कोणाच्याही हातच्या भाकरीपर्यंत त्या चालत आल्या. रमाबाई झाडपाल्यापासून निघाल्या आणि दोन हजार मुलींच्या चुलीपर्यंत पोचल्या. थांब्यावरच्या त्या मुलीला एवढी चाल पुरे आहे. तिने आधी सकाळची भाकरी खावी. मग चाळीस दिवसांत स्वतःच्या मर्जीने काय सोडायचे ते ठरवावे, आणि सोडलेले कोणाच्या ताटात जाणार तेही त्याच वेळी ठरवून ठेवावे. दुसऱ्याचे ताट दिसत नसेल, तर तिने खुशाल जेवावे.